सरकारला सुख वाटून देता येतं का?

दरवर्षी २० मार्चच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या आगेमागे एक बातमी हमखास येते. जगातल्या देशांची आनंदाची यादी लागली, फिनलंड पुन्हा पहिला, भारत पुन्हा बराच खाली. २०२५च्या यादीत १४७ देशांत आपण ११८वे होतो. नेपाळ ९२वा, पाकिस्तान १०९वा. मग इंदूरातल्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन दिवस तोच विषय चालतो. एकजण म्हणतो, ही सगळी पाश्चात्त्यांची बनवाबनवी आहे. दुसरा विचारतो, पाकिस्तानी माणूस आपल्यापेक्षा सुखी कसा? तिसरा म्हणतो, सुख मानण्यावर असतं, त्यात सरकारचा काय संबंध?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि इंदूरकरांसाठी तर अगदी घरचे. आनंदासाठी स्वतंत्र सरकारी खातं काढणारं देशातलं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश. २०१६ साली इथे आनंद विभाग स्थापन झाला. शहर स्वच्छतेत २०१७पासून सतत अव्वल, आठव्यांदा मान मिळाला. आणि त्याच शहरात डिसेंबर २०२५च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं, माणसं आजारी पडली, काहींचे जीव गेले. क्रमांक, खातं आणि नळ या तिन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय, हे नीट समजून घ्यायला हवं.

## हा क्रमांक येतो कुठून?

पुष्कळांना वाटतं की तज्ज्ञांची समिती बसते आणि देशांना गुण देते. तसं नाही. गॅलप ही पाहणी करणारी संस्था प्रत्येक देशात साधारण हजारभर किंवा थोड्या जास्त लोकांना दरवर्षी एक प्रश्न विचारते. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढली की झाला क्रमांक.

तो प्रश्न मी शेजारच्या काकूंना विचारून पाहिला. "काकू, समजा एक शिडी आहे. तळाला शून्य, वर दहा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाची म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?"

काकू आधी हसल्या. "मला काय कमी आहे रे?" मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पाच लिही."

"पाचच?"

"गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, ते पेन्शनीत बसत नाही. पोरगा पुण्याला. पाणी एक दिवसाआड, रात्री अपरात्री उठून भरायचं. सहा कुठून सांगू?"

या दोन उत्तरांत फार मोठी गोष्ट दडलेली आहे. "मला काय कमी आहे" हा काकूंचा स्वभाव झाला. त्या क्षणाची मनःस्थिती झाली. "पाच" हा मात्र त्यांनी आपल्या आयुष्याचा मांडलेला हिशेब आहे. जागतिक यादी या दुसऱ्या गोष्टीची आहे. कोण किती हसतं, किती सण साजरे करतं, किती भजनं म्हणतं याची ती यादी नाही. म्हणूनच अबोल, थंड, हिवाळ्यात बराच काळ अंधारात राहणारा फिनलंड पहिला येऊ शकतो. २०२५मध्ये त्यांची सरासरी ७.७ होती, आपली ४.४च्या जवळपास. काकू त्या हिशेबाने देशाच्या सरासरीच्या वरच आहेत.

अहवालात दरडोई उत्पन्न, अडीअडचणीला धावून येणारं माणूस, निरोगी आयुर्मान, आपले निर्णय आपण घेण्याची मोकळीक, दानत आणि भ्रष्टाचाराबद्दलचं मत असे सहा घटक दिलेले असतात. क्रमांक त्यांवरून ठरत नाही. देशादेशांतला फरक कशामुळे पडला असावा, हे समजावण्यासाठी ते मागाहून लावून पाहिले जातात. बातम्यांमध्ये हा घोळ नेहमी होतो.

## मग पाकिस्तान वर कसा?

यादीच्या मधल्या आणि खालच्या भागात देशादेशांतलं अंतर थोडं असतं. तिथे आठ-दहा क्रमांकांचा फरक फार मनावर घेऊ नये. शिवाय शिडीची वरची पायरी प्रत्येकाची वेगळी असते. ज्या समाजात अपेक्षा झपाट्याने वाढतात, मुलं इंजिनिअर झाली पण नोकरी नाही, शेजारच्या गल्लीत करोडोंचे फ्लॅट उभे राहताना रोज दिसतात, तिथे माणूस स्वतःला खालची पायरी देतो. हा माझा अंदाज आहे, पण विजयनगर चौकात अर्धा तास उभं राहिलं तरी तो पटेल असा आहे.

शेजाऱ्याशी क्रमांकाची तुलना करण्यापेक्षा आपल्याच देशात, आपल्याच शहरात, तीन आणि चार म्हणणारे कोण आहेत हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. सरासरीत ते दिसत नाहीत. राऊजवळच्या टाउनशिपमधला आठ म्हणणारा आणि नाल्याकाठच्या वस्तीतला दोन म्हणणारा मिळून सरासरी पाच होते, आणि असा पाचवर उभा असलेला माणूस प्रत्यक्षात कुठेच नसतो.

## पैशाने सुख मिळतं की नाही?

मिळतं, पण सर्वांना सारखं नाही. सगळ्या विषयाचा कणा हाच, म्हणून इथे जरा थांबू.

१९७४ साली रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने एक कोडं मांडलं. एकाच देशात श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा स्वतःला सुखी म्हणतात, पण देश वर्षानुवर्षं श्रीमंत होत गेला तरी लोकांचं सांगितलेलं सुख त्या प्रमाणात वाढत नाही. कारणं दोन सांगितली जातात. माणसाला सवय होते, आणि माणूस शेजाऱ्याकडे बघतो. या कोड्यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. मात्र उत्पन्न आणि शिडीचं नातं साधारण कसं असतं, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. उत्पन्न दुप्पट झालं की माणूस जवळपास सारख्याच उंचीने वर चढतो, मग सुरुवात कुठूनही असो. म्हणजे महिन्याला ८,००० कमावणाऱ्याचे १६,००० झाले की त्याला जेवढं बरं वाटतं, तेवढं वाटायला ८०,००० कमावणाऱ्याचे १,६०,००० व्हावे लागतात. एकाला ८,००० पुरले, दुसऱ्याला ८०,००० लागले.

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. पहाटेपासून उपाशी राबलेल्या माणसाच्या पानात पहिली पुरी पडते, आणि सहा पुऱ्या झालेल्या पाहुण्याला यजमान आग्रहाने सातवी वाढतो. कणीक तीच, तूप तेच, खर्चही तोच. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला घटती सीमान्त उपयोगिता म्हणतात: वस्तू जितकी जास्त मिळत जाते, तितकं पुढच्या नगाचं समाधान कमी होत जातं. आता वाढप्याकडे पुऱ्या मोजक्याच असतील, तर कुठल्या पानापासून सुरुवात करावी हे वेगळं सांगायला नको. सार्वजनिक धोरणाचा पहिला धडा एवढाच आहे. तेवढ्याच पैशात जास्त लोकांचं आयुष्य सुधारायचं असेल, तर तो पैसा तळाशी पोचला पाहिजे.

इथे लगेच आक्षेप येतो. मग सगळं श्रीमंतांकडून काढून घेऊन सारखं वाटायचं का? नाही. पुऱ्या आधी तळाव्या लागतात. कष्ट आणि जोखमीचं फळ हाती राहणार नसेल, तर कारखाना कोण काढेल, दुकान कोण चालवेल? लोक स्वतःला सुखी म्हणतात अशा बऱ्याच देशांत बाजार चांगला चालतो आणि करही भरपूर असतो. लोक कर भरतात, कारण त्याच्या बदल्यात दवाखाना, शाळा, बस मिळते हे त्यांना रोज दिसतं. हा विश्वास पैशाइतकाच महत्त्वाचा. २०२५च्या अहवालात हरवलेल्या पाकिटाचा विषय होता. आपलं पाकीट हरवलं तर सापडणारा ते परत करेल असं ज्यांना वाटतं, ते जास्त सुखी असतात. आणि पाकिटं मुद्दाम टाकून पाहिली तेव्हा लोकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त परत आली. म्हणजे माणसं आपण समजतो त्यापेक्षा बरी आहेत, पण एकमेकांवर भरवसा मात्र कमी.

## एकच जलवाहिनी, दोन टोकं

वाटणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पैसा येतो. इंदूरात वाटणीचा रोजचा धडा नळावर मिळतो.

या शहराला जवळ मोठी नदी नाही. खान आणि सरस्वती या छोट्या नद्यांवर शहराची तहान भागत नाही. १९७०मध्ये इंदूरकरांनी आंदोलन करून नर्मदा मागितली आणि १९७८मध्ये ती आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून साधारण ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ पंपांनी पार करून पाणी शहरात येतं. विजेचा खर्च प्रचंड. तो कमी व्हावा म्हणून जलूदला सौरऊर्जेचा प्रकल्प करायला महापालिकेने २०२३मध्ये हरित रोखे काढले आणि २४४ कोटी रुपये उभे केले. हरित रोखे म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं व्याजाचं कर्ज.

एवढ्या खर्चाने आलेलं पाणी गल्लीत कसं वाटलं जातं ते जवळून पाहा. टाकीच्या जवळच्या घरांना दाब चांगला. शेवटच्या घरांना धार करंगळीएवढी. मग मधला कुणीतरी थेट लाइनवर मोटर लावतो. त्याची टाकी वीस मिनिटांत भरते, पुढच्याची धार आणखी बारीक होते, म्हणून तोही मोटर लावतो. महिन्याभरात अर्ध्या गल्लीच्या मोटरी पाणी येण्याच्या वेळी एकदम घरघरायला लागतात. लाइनमध्ये पाणी पूर्वीइतकंच आहे. विजेचं बिल मात्र सगळ्यांचं वाढलं, शेवटच्या दोन घरांना काहीच येईनासं झालं, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बोलणं बंद झालं. शिवाय मोटरीने ओढल्यामुळे पाइपातला दाब उलटा पडला की फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत येते. एप्रिल-मेमध्ये बोअर आटले की टँकर. टँकरची वाट बघत घरी कोण थांबतं? बहुतेक घरांत बाईच. तिचं काम, तिची झोप, मुलीची शाळेची वेळ हे सगळं त्या टँकरच्या वेळेला बांधलेलं.

म्हणून लिटर मोजून पुरत नाही. पाणी पुरेसं आहे का, ते ठरल्या वेळी येतं का, ते निर्धास्त पिता येतं का, आणि त्यासाठी कुणापुढे हात जोडावे लागतात का, हे सगळं मिळून माणसाची शिडीवरची पायरी ठरते. काकूंनी पाण्याचं प्रमाण नाही सांगितलं, रात्री उठावं लागतं हे सांगितलं. भागीरथपुऱ्यात पाणी येत होतं. घात झाला तो निर्धास्तपणाच्या ठिकाणी. आणि स्वच्छतेचे सगळे सन्मान रस्त्यावर दिसणाऱ्या कचऱ्याबद्दल जास्त बोलतात, जमिनीखालच्या पाइपाबद्दल कमी. सकाळची कचरागाडी हा या शहराचा खरोखर अभिमानाचा विषय आहे. ती बंगल्यावर येते तशीच वस्तीतही येते, म्हणूनच ती लोकांना आपली वाटते. पाण्याची पाइपलाइन त्याच निष्ठेने सांभाळली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

## फुकट दिलं की लोक आळशी होतात?

हा आक्षेप प्रत्येक बैठकीत निघतो, आणि त्याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. २०११मध्ये सेवा या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या पैशातून इंदूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक प्रयोग केला. आठ गावांत प्रत्येक माणसाला, गरीब असो की बरा, दरमहा रोख रक्कम दिली. आधी मोठ्या माणसाला २०० आणि मुलाला १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०. मुलाचे पैसे आईच्या हाती. अट कुठलीच नाही. तशाच बारा गावांत काही दिलं नाही, आणि साधारण दीड वर्ष दोन्हीकडच्या घरांची तुलना केली. दोन आदिवासी गावांतही असाच प्रयोग झाला, एकात पैसे दिले, एकात नाही.

लोक दारू पितील ही भीती होती. दारूवरचा खर्च वाढला नाही. मुलांचं, विशेषतः लहान मुलींचं वजन सुधारलं. मुली शाळेत जास्त टिकल्या. बियाणं, शिवणयंत्र, शेळ्या घेतल्या गेल्या. सावकाराचं कर्ज कमी झालं, आणि दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारे काहीजण आपल्याच शेतात राबू लागले. महिन्याला दोन-तीनशे रुपयांत कुणी आरामात बसून खाऊ शकत नाही. पण हातात नक्की येणारे थोडे पैसे असले की माणूस नाइलाजाचे निर्णय घेत नाही. पेरणीच्या तोंडावर शेळी विकत नाही, ताप आला की पाच दिवस अंगावर काढत नाही.

याचा अर्थ प्रत्येक रोख योजना चांगली असा होत नाही. मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेत जून २०२३पासून बायकांच्या खात्यात दरमहा १,००० रुपये येऊ लागले, पुढे १,२५० आणि मग १,५०० झाले. लाभार्थी सव्वा कोटीच्या आसपास. घरकाम करणाऱ्या बाईच्या हातात तिच्या नावावरचे पैसे येतात याचं मोल पुरुषांना चटकन कळत नाही. तरीही विचारायला हवं की याच तिजोरीतून पाइप, नर्स आणि शिक्षक यांच्यासाठी काय उरतं. १,५०० रुपयांतले ३०० खासगी टँकरला आणि ४०० खासगी डॉक्टरला जाणार असतील, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने निघून जातं. काही गोष्टी बाजारातून एकेकट्याला विकत घेता येतच नाहीत. शुद्ध पाण्याची जलवाहिनी, डासमुक्त नाला, रात्री दिवे असलेला रस्ता या सगळ्यांनी मिळूनच करायच्या गोष्टी. अहिल्याबाईंच्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा आजही लोकांच्या उपयोगी पडतात. तिथे पाणी पिणाऱ्याला कुणी पात्रता विचारत नाही.

## यादीतलं नाव

पात्रता हा आणखी एक नाजूक भाग. केनियात गरीब घरांना मोठी रोख रक्कम देण्याचा प्रयोग झाला. ज्यांना मिळाली त्यांचं समाधान वाढलं, पण त्याच गावात ज्यांना मिळाली नाही त्यांचं घटलं. त्यांच्या खिशातून काही गेलं नव्हतं. तरी त्रास झाला. इंदूर जिल्ह्यातल्या प्रयोगात गावातल्या प्रत्येकाला दिलं, म्हणून हे शल्य राहिलं नाही.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक योजना यादीवर चालते. यादी अगदी बरोबर कधीच नसते. गरजू राहून जातो, सधन घुसतो. लाडली बहनाला वयाची अट २१ ते ६०. साठी ओलांडली की नाव बाद. बाईची गरज त्या दिवशी संपत नाही. आणि एकदा मिळत असलेलं काढून घेतलं, तर न मिळण्यापेक्षा जास्त दुखतं. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये दाखवून दिलं की तेवढ्याच रकमेचा तोटा नफ्यापेक्षा मनाला कितीतरी जास्त लागतो. म्हणून कुठलंही सरकार योजना सुरू सहज करतं, बंद करताना त्याचे हात थरथरतात. सुरू करतानाच दहा वर्षांचा विचार करणं हाच प्रामाणिकपणा.

## उशिराचं देणं

इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९२मध्ये बंद पडली. कामगारांची देणी थकली. खटले, लिलाव, बैठका यांत तीन दशकं गेली. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी साधारण ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये दिले गेले, म्हणजे सरासरीने माणशी साडेचार लाखांहून थोडे जास्त. कागदावर ही वाटणी पूर्ण झाली. पण जे पैसे मुलाच्या शिक्षणाला, पोरीच्या लग्नाला, स्वतःच्या उपचाराला हवे होते, ते आले तेव्हा मूल चाळिशीचं झालेलं होतं. अनेक कामगार तोवर गेले, त्यांच्या वारसांनी रक्कम घेतली. धोरणाची चर्चा करताना आपण किती दिलं हे विचारतो. कधी दिलं हे तितक्याच जोराने विचारायला हवं. उशीर झालेल्या रकमेची किंमत महागाईने घटते तेवढंच नाही, तिच्यामागचं आयुष्य निघून गेलेलं असतं.

## गरीबही हसतमुख असतोच की!

असतो. आणि म्हणूनच सुखाच्या आकड्यावर आंधळेपणाने विसंबू नये. अमर्त्य सेन यांनी हा धोका फार पूर्वी दाखवला. पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेला माणूस अपेक्षाच छोट्या करून घेतो. जी बाई कधी शाळेत गेली नाही, जिला स्वतःचे पैसे कधी मिळाले नाहीत, ती "माझं बरं चाललंय" म्हणते, आणि ते ती मनापासून म्हणते. तिच्या उत्तरावर विसंबून सरकारने हात झटकले, तर तिच्या सोसण्याचाच फायदा घेतल्यासारखं होईल. म्हणून सेन विचारतात की माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं, काय होता येतं. निरोगी राहता येतं का, शिकता येतं का, न घाबरता फिरता येतं का.

नीती आयोगाची बहुआयामी गरिबीची मोजणी याच विचाराची. पोषण, शाळा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाचं इंधन अशा बऱ्याच बाबतींत एकाच वेळी उणीव असली की माणूस गरीब धरला जातो. मध्य प्रदेशात असे लोक २०१५-१६मध्ये ३६.५७ टक्के होते, २०१९-२१मध्ये २०.६३ टक्के. पाच वर्षांत ही घट मोठी आहे, आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. तरीही तेव्हा पाचांतला एक त्यात होताच.

भूतानचं उदाहरण नेहमी दिलं जातं. त्यांनी राष्ट्रीय सुखाची संकल्पना १९७०च्या दशकात मांडली आणि २००८च्या राज्यघटनेत घातली. नऊ क्षेत्रं, ३३ निर्देशक. वेळेचा वापर, झोप, शेजाराशी संबंध हेही ते मोजतात, आणि मोजणी खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. पण त्याच देशातून १९९०च्या दशकात एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक लोकांना बाहेर पडावं लागलं, आणि ते नेपाळातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले. जे मोजणीच्या बाहेर ढकलले गेले, त्यांचं दुःख सरासरीत उतरत नाही. सुखाचा कुठलाही आकडा दाखवला की मोजलं कुणाला, हे आधी विचारावं.

## मग आनंद विभागाचं काय?

विभागामार्फत अल्पविराम नावाची आत्मचिंतनाची शिबिरं होतात, जानेवारीत गावोगाव आनंद उत्सव होतो, आणि जास्तीचे कपडे-वस्तू ठेवून जाण्यासाठी, गरजूंनी घेऊन जाण्यासाठी आनंदम नावाच्या जागा केल्या गेल्या. यात चूक काही नाही. खेळ, गाणी, शेजाऱ्याशी बोलणं यांनी माणसाला बरं वाटतंच, आणि अडचणीला धावणारं माणूस हा तर जागतिक यादीतला मोठा घटक आहे. फक्त या कामाने पाण्याच्या, दवाखान्याच्या कामाची जागा घेऊ नये.

दोन्ही एकत्र कसं करता येतं, याचं फार सुंदर उदाहरण इंदूरच्याच इतिहासात आहे. होळकर दरबाराने नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं तेव्हा शहर प्लेगने गांजलेलं होतं. त्यांनी १९१७च्या दिवाळीत जाहीर केलं की मिरवणूक ज्या भागांत जास्त सफाई झाली असेल तिथूनच जाईल. लोकांनी घरं आणि गल्ल्या घासूनपुसून काढल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, सफाई कामगारांना मानाने चालवलं गेलं. सण, आरोग्य आणि तळाच्या माणसाचा मान एकाच दिवशी साधला.

## मोकळी दिसणारी लेन

शेवटचं उदाहरण रस्त्याचं. २०१३मध्ये एबी रोडवर साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस सुरू झाली. मधली लेन फक्त बसला. कारवाला सिग्नलला अडकून बाजूची मोकळी लेन बघत राहायचा आणि चिडायचा. पन्नास-साठ माणसांची बस अर्ध्या मिनिटात निघून जाते, नंतर लेन मोकळी दिसते. तेवढीच माणसं कारमधून गेली तर रस्ता भरून जातो आणि वापर जास्त होतोय असं वाटतं. फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने ती काढण्याला परवानगी दिली. बीआरटीएसमध्ये त्रुटी होत्या, चौकांवर कोंडी होत होती, हे मान्य. पण त्या वादात कारवाल्यांचा वैताग रोज ऐकू आला. बसमधली परिचारिका आणि कोचिंगला जाणारी मुलगी यांचा वाचलेला वेळ कुणी मोजून मांडला नाही. वाटणीच्या प्रत्येक भांडणात हे होतं. ज्याचा आवाज पोचतो, त्याचं सुख-दुःख हिशेबात धरलं जातं.

## आपण काय विचारायचं?

इंदूरात ८५ वॉर्ड आहेत. महापालिकेचा अर्थसंकल्प येतो तेव्हा एकूण कोटींचा आकडा छापून येतो. नगरसेवकाला मागायची माहिती त्याहून साधी आहे. आपल्या वॉर्डात पाणी आठवड्यातून किती तास, ठरल्या वेळी किती दिवस. लाइनच्या शेवटच्या घरातला नमुना कधी तपासला, अहवालात काय निघालं. मैलापाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची लाइन कुठे कुठे शेजारून जाते, त्यातली किती बदलली. संजीवनी क्लिनिक या सरकारी दवाखान्यात डॉक्टर किती दिवस हजर होते. योजनेच्या यादीतून वगळलेल्यांनी दाद कुठे मागायची, आणि उत्तर किती दिवसांत मिळतं.

माहिती अधिकाराचा कायदा २००५पासून आहे. अर्जाची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्ज एकट्याने करण्यापेक्षा गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून मजकूर ठरवावा, आणि त्यात लाइनच्या शेवटचं घर नक्की असावं.